उसनी हजेरी

उर्मिला मॅडमनी प्रणालीच्या दोन्ही वेण्या सोडल्या, तिला गुडघ्यांमध्ये घट्ट धरलं आणि एकच लांब वेणी घालायला घेतली. लाल रिबिनी काढून पदराच्या टोकात बांधल्या. मंगळवारी तपासणीच्या साहेबांनी या पोरीला वरच्या शाळेत दोन वेण्यांत पाहिलं होतं आणि आज शुक्रवार होता.

"दुखून राहिलं न, मॅडम," प्रणाली म्हणाली.

"दुखू दे थोडं. साहेब आले की मागच्या रांगेत बसजो. पुढं येऊ नको."

"अन् वाचायले सांगतलं तर?"

"नाही सांगत."

प्रकरण असं होतं. मध्य प्रदेशातल्या सौंसरकडून नागपूरला जाणाऱ्या हायवेच्या दोन अंगांना दोन सरकारी शाळा, वरची आणि खालची. मधलं अंतर किलोमीटरभरही नाही. वरून हुकूम आला, की दोन्ही तपासा, पट मोजा, वाचन घ्या, तुलना करा आणि जी उजवी ठरेल तिच्यात दुसरी मिळवून टाका. हुकूम काढणाऱ्याला काही संत्र्यांच्या ट्रकांमधून पहिलीतल्या पोराचं बोट धरून रस्ता ओलांडायचा नव्हता. प्रणालीच्या आजीनं, मनकर्णाबाईंनी तर शाळेत येऊन सांगितलं होतं, "शाळा तिकडं गेली त पोरगी घरी राहीन. मी काही पाठवत नाही." असं म्हणणारी घरं खालच्या वस्तीत आणखी सात-आठ होती.

वरच्या शाळेचे सुरेश सर. गोड बोलण्यात त्यांचा हात धरणारा पांढुर्ण्यापासून मोहगावपर्यंत कोणी सापडला नसता. त्यांच्याकडे पोरं चिक्कार, पण वाचायला लावलं की सगळ्यांची दातखीळ बसायची. खालच्या शाळेतली उर्मिला मॅडमची पोरं खडाखडा वाचत, पण होती सतरा. हुकमाप्रमाणे निदान वीस हवी होती.

"मंगळवारी माझ्या तपासणीले तुमची प्रणाली द्या मले," सुरेश सर म्हणाले होते. "शुक्रवारी माझी पाच पोरं तुमच्याकडं पाठवतो. दोन्ही शाळा सारख्याच निघाल्या त बंद कोणाले करतीन, सांगा बरं?"

लग्नात शेजारची पातेली आणतात, तसं हे दोन्ही शाळांत आधीही चालायचं. मॅडम हो म्हणाल्या. सोमवारी मधल्या सुट्टीत त्यांनी प्रणालीला जवळ बसवून घोकून घेतलं: कोणी विचारलं, तर वरची शाळा सांगायचं. एकदा नाही, पाच वेळा. एकोणीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी इतकं मन लावून खोटं कधी शिकवलं नव्हतं. प्रणालीनंही नेहमीसारखं पहिल्याच फटक्यात पाठ केलं. मंगळवारी तिनं तिकडे धडा असा वाचला, की साहेबांनी खूश होऊन खिशातलं पेन काढून तिला दिलं.

आज दहा वाजून गेले तरी ती पाच पोरं आली नव्हती. मॅडम दोनदा फाटकापर्यंत जाऊन आल्या. फोन लावला.

"निघाले, मॅडम. निघालेच समजा," सुरेश सर म्हणाले.

त्यानंतर फोन उचललाच गेला नाही. पाऊण तासानं साहेबांची गाडी तेवढी आली.

साहेबांनी पोरं मोजली. सतरा. कागदावर लिहिलं. मग रांगांमधून फिरत शेवटच्या रांगेपाशी थांबले. प्रणाली मान खाली घालून वहीत लिहीत होती. वेणी एकच होती, पण हातात ते पेन होतं, सोनेरी टोपणाचं. पेनाची आठवण मॅडमना झालीच नव्हती.

"अरे, ये तो मेरा पेन है!" साहेब हसले. मग हसू थांबलं. "बेटा, तुम यहाँ कैसे? कौन-सा स्कूल है तुम्हारा?"

प्रणालीनं मॅडमकडे पाहिलं. मग उठून हाताची घडी घातली आणि स्पष्ट आवाजात सांगितलं, "वरची शाळा."

"सर, ये मेरी ही बच्ची है," मॅडम पुढे झाल्या. "पहली से है. रजिस्टर देख लीजिए."

"रजिस्टर में तो सबके नाम रहते हैं, मॅडम."

साहेबांनी फोन लावला, आवाज मोठा केला. पलीकडून पोरांचा गलका ऐकू आला. मॅडमच्या वाट्याची ती पाचही त्यात असणार.

"सुरेशजी, मंगल को जिसने पढ़ा था, वो प्रणाली आपके ही यहाँ की है ना?"

पलीकडे सुरेश सरांनी आधी पोरांना दटावलं.

"जी सर. हमारी ही है."

उर्मिला मॅडमच्या अंगाचा तिळपापड झाला. सगळं सांगून टाकावं असं ओठावर आलं. पण सांगायचं म्हणजे आधी मंगळवारचं सांगावं लागणार होतं, आणि सोमवारची ती मधली सुट्टीही. सुरेश सरांपेक्षा त्यांना स्वतःचीच जास्त घृणा आली. त्या खिडकीपाशी उभ्या राहिल्या.

"आपसे ये उम्मीद नहीं थी," साहेब म्हणाले. सतराचे त्यांनी सोळा केले, शेजारच्या रकान्यात एक लांबलचक ओळ लिहिली आणि गाडीत बसले.

गाडी हायवेला लागली तशी प्रणाली धावत आली. तिचा चेहरा फुलला होता.

"बरोबर सांगतलं न मी, मॅडम? विसरली नाही मी."

"बरोबर सांगितलंस."

मॅडम पायरीवर बसल्या. पदराची गाठ सोडून त्यांनी रिबिनी बाहेर काढल्या. प्रणाली आपणहून त्यांच्याकडे पाठ करून बसली. मॅडमनी वेणी उकलली, बोटांनीच भांग पाडला आणि केसांचे दोन भाग केले.

"मग उद्या कोणत्या शाळेत येऊ मी?" प्रणालीनं विचारलं.

पहिली वेणी घालून मॅडमनी दातांत धरलेली रिबीन तिला घट्ट बांधली.