कावळ्याचा डोळा

सकाळी अकरा वाजता प्रकाशकाकडून छपाईचा नमुना आणि मूळ चित्रं आली. साडेअकरापर्यंत घरात बोलणं बंद झालं होतं.

ताईंनी तीस वर्षं मुलांच्या पुस्तकांत प्राणी काढले. प्राण्याच्या डोळ्यातली चमक ताई रंगाने काढत नसत. डोळा रंगवतानाच टाचणीच्या डोक्याएवढा कागद कोरा सोडत. पांढऱ्या रंगाला त्यांच्या टेबलावर जागाच नव्हती. आज मात्र कावळ्याच्या डोळ्यात पांढरा ठिपका होता. मूळ चित्रावर तो बोटाला खरखरीत लागला.

रंग भरायला धाकटी बहीण मदत करते. पन्नाशी उलटली तरी ती घरात बारकीच.

"बारके, हा डोळा कुणाचा?"

"कावळ्याचा."

"चावटपणा पुरे. ठिपका कुणी दिला?"

"तूच. कोरी जागा बुजली तुझ्याकडून. मग माझा पांढरा मागून घेतलास."

"मी?"

"नाही तर काय, कावळ्याने मागितला? चष्म्याचा नंबर वाढलाय म्हटलं की तुला राग येतो, ताई."

ताईंना यातलं काहीच आठवेना. बारकी हल्ली चित्रं स्वतःच पोचवायला जाते, हे मात्र आठवलं. फोन आला की गॅलरीत जाऊन बोलते, तेही.

नव्या पुस्तकमालिकेचं काम कुणाला द्यायचं, हे याच आठवड्यात ठरणार होतं. ताईंनी संपादक बाईंना फोन लावला.

"कावळा झकास झालाय," संपादक बाई म्हणाल्या. "पूर्वीपेक्षा जिवंत वाटतो. हात थरथरत असूनसुद्धा!"

"माझा हात थरथरतो, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

संपादक बाई घाईने म्हणाल्या, "असं करू या, सोमवारी दोघी या. इथेच माझ्यासमोर एकेक कावळा काढा. म्हणजे कुणाच्या मनात काही राहायला नको."

ताईंनी निरोप सांगितला. बारकी लगेच म्हणाली, "मी तयार आहे." कशासाठी, हेही तिने विचारलं नाही.

ताईंनी अजून होकार कळवलेला नाही. दुपारपासून बारकीच्या खोलीचं दार आतून बंद आहे. भांड्यातल्या पाण्यात ब्रश खळबळल्याचा आवाज अधूनमधून बाहेर येतो.