दारफाळणीच्या दिवशीचा दरवाजा

मित्रांनो, जन्माने मी देवदार आणि पेशाने दरवाजा. चंडीगडच्या सेक्टर २२ मध्ये एका घराच्या वरच्या मजल्यावर मला बसवलं, तेव्हा सुतार मोठ्या अभिमानाने घरमालकिणीला म्हणाला, "बीबीजी, ये कभी हिलेगा नहीं." दरवाजाची कुणी अशी स्तुती करत असेल, तर त्याच्याकडून दरवाजा घेऊ नये. पुढे कित्येक महिने मला उघडायला दोन माणसं लागत.

मग पंजाबात दहशतीची वर्षं आली. कधी गोळीबाराची बातमी, कधी संचारबंदी. अंधार पडायच्या आत गल्लीतली सगळी दारं लागत. मला दोन कड्या आणि एक अडसर मिळाला. आमच्या जातीला एवढा मान कधी मिळाला नव्हता, पण त्यात आनंद वाटावा असं काही नव्हतं.

त्या काळात तिथे राहायला आली लीना पेझारकर, सेक्टर ३० च्या प्रयोगशाळेत भिंगांवर काम करणारी, आणि तिचे म्हातारे बाबा. कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे घरात मराठी बोलणारे यहुदी. वर्षातून एकदा, प्रायश्चित्ताच्या दिवशी, बाबा पांढरे कपडे घालून कडक उपास करत आणि एका संध्याकाळपासून दुसऱ्या संध्याकाळपर्यंत मला उघडू देत नसत. या दिवसाला ते दारफाळणीचा सण म्हणत. दारं लावून घेण्याचा सण. मी बिजागऱ्यांपर्यंत मोहरलो.

लीनाला मात्र ते पटत नव्हतं. एका वर्षी त्या संध्याकाळी मला अडसर घातल्यावर ती म्हणाली, "बाबा, आपल्या धर्मग्रंथातला लेवीयाचा सोळावा अध्याय मी पुन्हा वाचला. मुख्य याजक आहे, पडद्यामागचं पवित्रस्थान आहे, दोन बकरे आहेत. एक परमेश्वरासाठी, दुसऱ्यावर सगळ्यांची पापं लादून त्याला रानात सोडायचं. उपास आहे, काम बंद आहे. दार कुठंच नाही."

"मंदिर आहे आपल्याकडे?"

"नाही."

"बकरे?"

"बीबीजी ठेवू देणार नाहीत."

"मग जे आहे ते लावतो. आपल्या लोकांकडे हे पुस्तकसुद्धा नव्हतं, लीने, तेव्हाही हा दिवस होता. दारानेच सांभाळला."

दुसऱ्या दिवशी दुपारी गल्लीत झडती सुरू झाली. एक जाडजूड हवालदार जिना चढून आला आणि त्याने माझ्यावर रायफलीचा दस्ता आपटला.

"दरवाज़ा खोलो."

"आज बंद है," बाबा आतून म्हणाले. "शाम को आइए."

"अंदर कौन है?"

"मैं, मेरी बेटी और साल भर की गलतियाँ."

हवालदाराने पुन्हा दस्ता आपटला. "गलतियाँ बाहर निकालो, नहीं तो दरवाज़ा तोड़ता हूँ."

बाबा उठले नाहीत. मी दात-ओठ आवळले, म्हणजे कड्या. पहिली लाथ बसली. एक फळी करकरली, पण मी हललो नाही. सुतार एकदाचा खरा ठरला.

"बाबा," लीना हळूच म्हणाली, "खिडकीबद्दल आपल्यात काही आहे?"

बाबांनी डोळे मिटून विचार केला. "खिडकीबद्दल काहीच नाही."

तिने व्हरांड्यातली खिडकी उघडली. "आइए जी, तलाशी लीजिए."

आधी रायफल आत आली, मग एक पाय, मग बऱ्याच वेळाने हवालदार. त्याने पलंगाखाली पाहिलं, पिठाचा डबा उघडला, पांढऱ्या कपड्यातल्या बाबांना नकळत नमस्कार केला आणि आला तसा खिडकीतून बाहेर पडला.

सूर्य मावळला. बाबांनी अडसर काढला, दोन्ही कड्या काढल्या आणि मला सताड उघडलं. त्या वेळी गल्लीभर कड्या लागत होत्या.

"बाबा, आता लावा. अंधार पडतोय."

"दिवसभर माझ्या मनाने लावला होता. आता त्या बंदूकवाल्यांच्या भीतीने लावू?"

आणि ते तिथेच उंबऱ्याशी खुर्ची टाकून चहा पीत बसले.

मित्रांनो, आमच्या बिजागऱ्यांना तेल घाला, लाथा मारू नका. आम्हाला लावायचं तर खुशाल लावा. पण कडीला हात घालण्याआधी बघून घ्या, तो हात तुमचाच आहे ना. त्या संध्याकाळी अख्ख्या गल्लीत उजेड बाहेर पडत होता तो फक्त माझ्यातून.