भिंगासमोरचा पुठ्ठा

मित्रांनो, मी एक जुना पुठ्ठा आहे. हसू नका. जन्माने मी शर्टाच्या खोक्याचं झाकण. खडकीच्या आमच्या वसाहतीत चित्रपट मंडळ निघालं, तेव्हा बाबुरावांनी मला कापून चौकोनी केलं आणि कामाला लावलं.

काम सोपं होतं. महिन्यातून एकदा सभागृहात परदेशी सिनेमा लागायचा आणि लोक मुलाबाळांसकट यायचे. पडद्यावर उघडं अंग दिसलं, की बाबुराव मला प्रोजेक्टरच्या भिंगासमोर धरत. पडदा काळा होई, पोरं शिट्ट्या मारत, आवाज तेवढा चालू राही. वार्षिक सभेत सेक्रेटरींनी माझे जाहीर आभार मानले, तेही टोमणा न मारता. मी भलताच फुशारलो होतो. आज ते आठवलं की मान खाली जाते.

गेल्या जानेवारीत, युद्ध संपून वर्षं लोटलेल्या एका देशाचा सिनेमा होता. डोंगरावरचं बर्फ वितळतं आणि त्या युद्धात हरवलेले सैनिक सापडू लागतात, अशी गोष्ट. फलकावर ती वाचून मालनवहिनी पहिल्या रांगेत येऊन बसल्या होत्या. त्यांचे यजमान एकाहत्तरच्या लढाईत असेच बर्फात बेपत्ता झाले. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. कुंकू लावायचं की नाही, हे त्यांना आजवर कुणी सांगू शकलेलं नाही.

पडद्यावरच्या म्हातारीने, बर्फात तरुणच राहिलेल्या आपल्या नवऱ्याच्या मृतदेहावरची चादर बाजूला केली. बाबुरावांचा हात सवयीने उठला.

अंधारात त्या म्हातारीचा हुंदका ऐकू आला. लगेच वहिनींचा आवाज आला, "अहो बाबुराव, काढा तो पुठ्ठा! तिनं कशावरून ओळखलं, ते बघायचंय मला."

"वहिनी, उघडं आहे सगळं. मुलं बसलीत."

"मेलेल्या माणसाची कसली लाज धरता?"

मी बाजूला झालो तोवर चादर परत ओढली गेली होती. ओशाळलेले बाबुराव सिनेमा मागे नेऊ लागले, पण पहिल्या रांगेतली ती खुर्ची रिकामी झाली होती.

दुसऱ्या दिवशी ते लॅपटॉप घेऊन वहिनींच्या घरी गेले. त्याच पिशवीत मीही होतो.

"तेवढाच भाग लावतो, वहिनी."

"राहू द्या. कालच्यासाठी आठवडाभर मन घट्ट केलं होतं मी. आता नाही व्हायचं." एवढं बोलून त्या चहा टाकायला उठल्या.

तुम्ही म्हणाल, निदान तुला तरी ती खूण दिसली असेल. नाही, मित्रांनो. भिंगाच्या इतक्या जवळ चित्र उमटत नाही, नुसता उजेड पडतो. ती खूण माझ्याच अंगावर पडली आणि मलाही कळली नाही. याची मला फार लाज वाटते.

आता मी एका डगमगत्या टेबलाच्या पायाखाली असतो. तिथेच बरा आहे. पण माझ्यासारखे पुठ्ठे घरोघरी पडलेत. एखादा हातात घ्याल, तेव्हा आधी पहिल्या रांगेत कोण बसलंय ते बघा.