झोपलंय, आवाज करू नका

ते बदक तुम्ही मारलंत. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मी निसर्गवर्णन करतोय असा तुमचा गैरसमज नको.

तळ्याकाठच्या बागेचा कारभार तुमच्याकडे. थंडीत लांबलांबचे पक्षी येतात, ते बघायला माणसं येतात. तेवढ्यानं तुमचं पोट भरेना, म्हणून तुम्ही पाण्यावर रंगीत दिव्यांची माळ सोडलीत, माळ वाहून जाऊ नये म्हणून खाली नायलॉनची जाळी अंथरलीत. आणि धक्क्याला तरंगत असायची ती लाकडी होडी ‘सुरक्षेसाठी’ काठावर ओढून साखळीकुलपात घातलीत.

मी नळकाम करतो. लिहायला मला कुणी शिकवलेलं नाही, तेव्हा चुका काढत बसू नका. कामावर जाताना रोज आत्याला बागेत सोडतो. आत्या निवृत्त नर्स. गुडघे गेलेत, जीभ शाबूत आहे. तिच्याभोवती पक्षी बघणारी चार टाळकी जमतात आणि तिनं त्यांना एक नियम घालून दिलाय: पक्षी झोपलेला दिसला की जागच्या जागी थांबायचं, बोलायचं ते हातानं, आणि तिकडे कुणाला फिरकू द्यायचं नाही. एवढं उडून आलेला जीव, त्याला आधी झोप हवी. वॉर्डातही ती भेटायला आलेल्यांना असंच हाकलायची म्हणे.

त्या सकाळी माळेजवळ थापट्या बदकाची मादी दिसली. चमच्यासारखी पसरट चोच पाठीवर टेकवलेली, अंग लाटेबरोबर डुलतंय.

“झोपलंय,” आत्या कुजबुजली. “नळ्या, बूट आपटू नकोस. म्हैस तरी बरी चालते.”

फाटकाशी फळा आहे. ज्याला जे दिसेल ते तो खडूनं लिहितो. आत्यानं लिहिलं: थापट्या, मादी, झोपलेली. खाली ठळक: आवाज करू नका. लोकांनी ऐकलं. कुत्रं घेऊन आलेला एक माणूस तर मागच्या मागे वळला. मीही कामाला गेलो.

दुपारी आत्याला घ्यायला आलो, तर बदक तिथंच. बाकीचा थवा पार पलीकडच्या काठाला. आत्याच्या टोळीतल्या चष्मेवाल्यानं दुर्बीण डोळ्याला लावली ती काढीचना.

“ताई, ते पंख मारतंय. एकच. दुसरा जाळीत आहे.”

“चष्म्याचं दुकान तुझं आणि बगळा की पिशवी ते तुला कळत नाही,” आत्या म्हणाली. पण दुर्बीण तिनं हिसकावलीच. बघितलं. मग दुर्बीण खाली घेतली. “डोकं धरवत नाहीये त्याला. सकाळपासून धरवत नव्हतं.”

मी पहारेकऱ्याकडे धावलो. “होडीचं कुलूप काढ.”

“चावी ऑफिसात. साहेब आल्याशिवाय देत नाहीत.”

“कुठंयत साहेब?”

“दुसऱ्या तळ्यावर. तिथंही दिवे लावायचेत.”

माझ्या पिशवीत लोखंडी पाइप कापायची करवत होती. पहारेकऱ्यानं पाठ फिरवली, म्हणाला, “मी चहाला गेलोय.” साखळी कापली. दोघातिघांनी मिळून होडी पाण्यात ढकलली, मी चढलो, वल्हं मारलं, आणि पायाखालून पाणी वर आलं. एका जागेतून नाही, फळीफळीतून. लाकडी होडी पाण्यातच ठेवायची असते हो. उन्हात वाळली की सांधे उघडतात. जन्मभर गळती बंद करत आलो, आणि इथं दहा बोटांनी कुठली कुठली फट दाबू? गुडघ्यापर्यंत बुडालो तेव्हा चष्मेवाल्यानं दोर फेकून मला ओढून घेतलं. मला पोहता येत नाही. तिथं कुणालाच येत नव्हतं.

“तू मागे ये,” आत्या ओरडत होती. आणि त्याच दमात, “अरे, कुणीतरी जा रे!”

कुणी गेलं नाही. आम्ही उभे राहून बघितलं. पंख हलायचा थांबला, मग मान हळूहळू पाण्यात गेली.

दुसऱ्या दिवशी फाटकावर तुमचा कागद लागला: ‘पक्षी अडकल्याचे काही निरीक्षकांनी सकाळीच पाहिले होते, मात्र वेळेवर कळवले नाही.’ सोबत त्या फळ्याचा फोटो. आत्याचं अक्षर. जाळीबद्दल एक ओळ नाही, होडीबद्दल नाही.

आत्यानं तो कागद उभ्याउभ्या वाचला. तेव्हापासून ती घराबाहेर पडलेली नाही. मी खूप समजावतो. ती म्हणते, “खरंच लिहिलंय रे त्यांनी. झोप आणि ग्लानी यातला फरक मला कळला नाही, आणि वर मी सगळ्यांना गप्प बसवलं.” मी बोललो तर भाचा बोलतो, तिला ते खरं वाटत नाही.

तुमच्याच तोंडून तिला ऐकू दे. जाळी कुणी टाकायला लावली? होडी पाण्याबाहेर कुणी काढली? ज्यानं हे केलं त्यानं यावं, आत्यासमोर बसावं आणि नाव सांगून बोलावं. ती दिवसभर घरीच असते.

कोण येताय?