फेब्रुवारीच्या माशा

नदीतल्या ट्राउट माशाला अन्न पाणीच आणून देतं. तळ्यातल्या रेनबो ट्राउटला मात्र पोटासाठी हिंडावं लागतं, आणि त्या त्या महिन्यात मिळेल ते गिळावं लागतं. त्यामुळे गळावर पिसं-दोरा गुंडाळून खोटी माशी बांधायची, तर तळ्यावरच्या माणसाला आधी कॅलेंडरशी हुज्जत घालावी लागते. क्लाइव्ह आणि त्याची बायको नोलीन ही हुज्जत दर हिवाळ्यात, म्हणजे तिकडच्या जून-जुलैत, स्वयंपाकघरातल्या टेबलावर घालायचे. ती निवडायची, तो बांधायचा, आणि दोघं एकमेकांच्या अकलेचा उद्धार करायचे.

या हिवाळ्यात नोलीनने अंथरूण धरलं होतं. रोटोरुआच्या इस्पितळात तिने डॉक्टरबाईंना बजावलं होतं, किती दिवस उरले ते मला सांगू नका, ह्याला सांगा. डॉक्टरबाईंनी त्याला सांगितलं, नाताळ पाहिला तरी पुष्कळ. तेव्हापासून तो ते पोटात ठेवून सूप उकळत होता, चादरी बदलत होता, आणि पार पिचून गेला होता.

‘यंदा तूच निवड,’ ती म्हणाली. ‘माझ्यात भांडायचं त्राण नाही.’

म्हणून एका दुपारी तो एकटाच बसला. ऑक्टोबरच्या गार पाण्यासाठी तळाच्या गाळातल्या लाल अळ्या बांधल्या. नोव्हेंबरसाठी काठाशी फिरणाऱ्या चंदेरी मासोळ्या. डिसेंबरला हिरवट पिसांची, चतुर किड्याची पिल्लं. मग हात थांबले. काम उरकलं म्हणून त्याला बरंच वाटलं, आणि माशांची डबी त्याने नेऊन तिच्या पांघरुणावर ठेवली.

नोलीनने चष्मा लावला. ‘ही अळी आहे की सॉसेज?’ तिने विचारलं. तो कितीतरी दिवसांनी हसला. मग तिची बोटं रिकाम्या रांगांवरून फिरली.

‘क्लाइव्ह, सिकाडा कुठे आहेत?’

फेब्रुवारीत, तिथल्या ऐन उन्हाळ्यात, झाडंच्या झाडं सिकाडा या पंखवाल्या किड्यांच्या किरकिरीने कान किटवतात, त्यातले काही पाण्यात पडतात, आणि ट्राउट वर येऊन त्यांना फाडकन गिळतात. नोलीन वर्षभर त्याचीच वाट बघायची. ते विसरायला माणूस बावळट तरी हवा, नाहीतर त्याने आशा तरी सोडलेली हवी. क्लाइव्हने सिकाडा बांधायला लागणारे हरणाचे केस संपलेत असं सांगायला तोंड उघडलं, पण वेळेवर खोटंही सुचेना.

‘म्हणजे फेब्रुवारी नाही,’ ती म्हणाली.

‘मी दमलोय गं,’ तो म्हणाला, आणि पांघरुणात तोंड खुपसून रडला. तिला न कळू देण्याचं एकच काम तिने त्याच्यावर सोपवलं होतं. आता तीच त्याच्या डोक्यावरून हात फिरवत होती.

मग ती म्हणाली, ‘सामान इकडे आण. तुझ्यासाठी बांध.’

‘मला नकोय तो फेब्रुवारी.’

‘ठाऊक आहे मला. तरी बांध. आणि जरा मोठे बांध, नेहमी चिलटं करून ठेवतोस.’

त्याने गळ पकडून ठेवणारा शिकंजा आणून पलंगाशेजारच्या स्टुलाला आवळला. काळे केस तिने निवडले, पंखांसाठी हिरवटही तिनेच. पहिला सिकाडा तिला पसंत पडला नाही. त्याने तो उसवला आणि पुन्हा बांधायला घेतला.