मी उलटा की सरळ?

मित्रांनो, मी एक जुना स्विच आहे. दिव्याचा नव्हे हं! ऑफिसातले संगणक एकमेकांशी जोडणारा, हिरवे दिवे लुकलुकवणारा डबा. जन्मापासूनच माझा गोंधळ उडालेला आहे, तेव्हा जरा सांभाळून घ्या.

अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात मी तयार झालो. मला जोडायच्या केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात, त्यांचा क्रम ठरलेला. पण माझ्या पोटातलं सर्किट आखताना विद्याधरने तो नेमका उलटा केला. पंगतीत भलत्याच टोकाने वाढायला घ्यावं तसं झालं. केबल लावली तरी माझा दिवा पेटेना.

मालक काशीरामशेठ कडाडले, "संध्याकाळी लहू भंगारवाला येतोय. तोवर हा चालला तर ठीक, नाहीतर सगळा माल त्याला द्या!" माझे कितीतरी भाऊ मागे खोक्यांत होते. मला धडकीच भरली.

श्रुतिका माझा ड्रायव्हर लिहायची, म्हणजे माझ्या चिपने कसं वागायचं ते ठरवायची. पण चूक कोणाची यावरून तिचं आणि विद्याधरचं वाजलं होतं. दोघं एकमेकांशी बोलत नव्हते.

तिने गुपचूप ड्रायव्हरमध्ये एक ओळ घातली: याच्या जोड्या उलट्या क्रमाने धर. त्याने गुपचूप केबलच उलट्या क्रमाने बांधून मला लावली. उलट्याचं उलटं! दिवा बंदच. दोघांनाही वाटलं, आपलाच उपाय फसला. ती ओळ पुसते तोवर त्याने साधी केबल लावली. पुन्हा अंधार. अरे बाबांनो, मी आहे तरी कसा?

लहूने मला उचललंसुद्धा. तेवढ्यात श्रुतिकाला टेबलावरची केबल दिसली.

"ही उलटी कोणी बांधली रे?"

"मी. का गं?"

"अरे देवा! मीपण ड्रायव्हरमध्ये उलटंच केलं होतं!"

"म्हणजे दोघांनी... वाट लागली यार!"

"आता केबलला हात लावू नकोस. नुसता बघ."

तिने ती ओळ पुन्हा घातली, आणि माझा दिवा पेटला! मित्रांनो, मला रडूच आलं. लहू चहा पिऊन रिकाम्या हाताने गेला.

पुढे दिंडोशीच्या एका ऑफिसात मी इमानाने राबलो. "हा कधी बंद पडत नाही," असं सगळे कौतुकाने म्हणायचे. परवा कोणीतरी नवा ड्रायव्हर टाकला. त्यात ती ओळ नाही. माझे दिवे विझले. "म्हातारा झालाय, काढून टाका," एवढंच म्हणाले. मला आधी कोणी बनवलं, हे कोणी विचारलंच नाही. आता मी जिन्याखाली पडलोय, उद्या भंगारवाला येईल.

मित्रांनो, एखाद्याला टाकाऊ ठरवण्याआधी त्याला ओळखणाऱ्या माणसाला एकदा तरी विचारा. आणि श्रुतिका कुठे भेटली, तर तिला एवढंच सांगा: मी बिघडलेलो नाही गं, अजून तसाच उलटा आहे.