एकशे बारा सेकंद

"जावईबापू, हे दिव्याकडे धरा आणि काय दिसतं ते सांगा."

सासऱ्यांनी माझ्या तळहातावर पितळेचा एक तुकडा ठेवला. तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा. मी चष्मा वर केला, खाली केला. मी कचेरीत फायली लावणारा माणूस. घरातला बल्ब बदलायचा असला, तरी बायको मला खुर्ची धरायला लावते आणि स्वतः वर चढते.

"भोक दिसतंय, मामा."

"गोल आहे का?"

"भोक गोलच असतं ना?"

समोरच्या बाकावर बसलेली नाववाली फिसकन हसली. सासरे हसले नाहीत.

ही बाई रोज माणसं नदीपार नेते. तिच्या नावेचं छोटं इंजिन माझ्या लग्नाच्याही आधीचं, त्याचे सुटे भाग आता कुठेच मिळत नाहीत. वर्षभर त्याला एक खोड लागली होती. जोरात पळवलं तर ठीक, पण किनारा आला म्हणून वेग कमी केला की गुदमरून बंद. गेल्या आठवड्यात आठ माणसांसकट नाव पुलाच्या खांबाकडे वाहत गेली, तेव्हा तिने जिवाच्या आकांताने वल्ही मारून ती वाचवली. दोन मेकॅनिकांनी फ्यूएल पंपाचा पडदा बदलला, प्लग बदलला, हात टेकले. आता ती कार्बोरेटर खोलून फडक्यात बांधून सासऱ्यांच्या इंजिनदुरुस्तीच्या दुकानात घेऊन आली होती.

मी मात्र वेगळ्याच कामाला आलो होतो. "बाबांचे हात थरथरतात," बायकोने सकाळी बजावलं होतं. "तिथे पेट्रोल काय, विस्तव काय, एखाद दिवशी होत्याचं नव्हतं होईल. आज दुकान बंद करतो असं त्यांच्या तोंडून वदवल्याशिवाय घरी येऊ नका." तिचं खोटं नव्हतं. चहाचा कप ते दोन्ही हातांनी धरत होते, तरी बशीत सांडत होता. सकाळपासून मी मनात वाक्यं जुळवत बसलो होतो.

त्यांनी तो तुकडा, म्हणजे कार्बोरेटरचा जेट, एका इंजेक्शनच्या नळीखाली बसवला, नळीत खुणेपर्यंत पेट्रोल ओतलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. दुकानात पहिल्यांदा आलेला प्रत्येक जेट ते असा मोजतात आणि वहीत लिहून ठेवतात. त्या भोकातून किती इंधन जातं, यावर इंजिनाचा सगळा जीव. नळी सत्तर सेकंदांत रिकामी झाली. वहीत लिहिलं होतं, एकशे बारा.

"भोक मोठं झालंय. कुणीतरी तार घातलीय यात."

"तो पलीकडच्या काठचा मेकॅनिकच असणार," नाववाली म्हणाली. "त्याला अक्कल आहे कुठे?"

"मी घातली, बाई."

मला वाटलं, मीच चुकीचं ऐकलं. जेट साफ करायचा तो ब्रशच्या केसाने, त्यात तार घालणारा मेकॅनिक नव्हे, कसाई, हे त्यांनी माझ्या लग्नाच्या मांडवातसुद्धा कुणाला तरी सुनावलं होतं.

"गेल्या वर्षी तुम्ही आणलात तेव्हा केस आत जाईना. हात हलत होता," ते म्हणाले. "तार कडक, हलत्या हातानेही घुसते. म्हटलं, एकदाच. नंतर मोजायची हिंमत झाली नाही."

नाववाली त्यांच्याकडे वळली. "आठ माणसं होती, मिस्त्री."

"हो."

"मग आता तुम्हीच नीट करा. मी हे दुसऱ्या कुणाच्या हातात देणार नाही."

पुढे जे पाहिलं, ते मी जन्मात विसरणार नाही. त्यांनी भोक वितळलेल्या कथलाचा डाख देऊन बुजवून टाकलं. शिवणाची बारीक सुई घेतली, तिचं टोक तेलाच्या दगडावर घासून चपटं केलं आणि ती एका बोटभर लाकडी मुठीत बसवली. सुई जेटकडे नेताना हात असा थरथरत होता, की मी मान फिरवली. पण टोक धातूला टेकलं आणि हात थांबला. खांदा, मनगट, बोटं, सगळं स्थिर. फक्त अंगठा आणि तर्जनी सुई फिरवत होती, अगदी सावकाश. पिठासारखा चुरा पडत होता. हे शिकवून येत असेल, असं मला वाटेना. मला हात जोडावेसे वाटले.

पहिल्यांदा नळी नव्वद सेकंदांत रिकामी झाली. पुन्हा डाख, पुन्हा सुई. दुसऱ्यांदा भोक तिरकं गेलं. तिसऱ्यांदा सुईच मोडली. मध्ये त्यांनी दोन्ही हात काखेत धरून ठेवले, आम्ही दोघं उगाच बाहेर बघत बसलो. चौथ्यांदा मी मोठ्याने सेकंद मोजत होतो. एकशे दहा, एकशे अकरा, एकशे बारा. शेवटचा थेंब पडला आणि मी चक्क टाळ्या वाजवल्या.

धक्क्यावर जाऊन त्यांनी कार्बोरेटर जोडला. दोरी ओढली. वेग पार खाली आणला, तरी इंजिन एका लयीत चालत राहिलं. नाववालीने माणसं बसवून घेतली आणि नाव सोडली.

"मामा, दुकान बंद करायचं नाही," मी म्हणालो. "तुमच्या लेकीची समजूत मी घालतो." असं बोलायला मला लग्नानंतर एकवीस वर्षं लागली होती.

"तीनदा चुकलं, जावईबापू."

"चौथ्यांदा जमलं ना!"

"आज घाई नव्हती. मोजायला तुम्ही होतात, बघायला त्या होत्या. उद्या मी एकटा असेन, केस आत जाणार नाही, आणि तार समोरच पडलेली असेल." ते हात पुसत म्हणाले. "मी ती उचलीन. मला मी ठाऊक आहे. लेकीला सांगा, दुकान बंद झालं."

सकाळपासून मला हेच वाक्य हवं होतं. आता ते मिळालं, तर मी नावेकडे बघत राहिलो.

नाव पलीकडे पोचत आली. नाववालीने वेग कमी केला असावा, कारण इंजिनाचा आवाज विरत विरत गेला आणि मला काहीच ऐकू येईना.

"बंद पडलं का, मामा?"

"नाही," ते म्हणाले. "चालू आहे."

आणि ती नवी माणसं घेऊन निम्म्या नदीपर्यंत परत येईस्तोवर ते धक्क्यावरून हलले नाहीत.